मेणाआधी बेस : बाईट ब्लॉक नीट कसा बनवावा

संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यातल्या गावातून खामगावला कवळीसाठी येणाऱ्या आजोबांना साधारण पाच खेपा कराव्या लागतात. कच्चं माप, पक्कं माप, बाईट, ट्रायल आणि शेवटी कवळी. पंचाहत्तरी ओलांडली असेल तर एसटीचं तिकीट लागत नाही, पण सोबत आलेल्या मुलाची मजुरी बुडतेच. त्यात ट्रायलच्या दिवशी दात एकाच बाजूला टेकतात असं दिसलं, की सहावी खेप ठरलेली. मग लॅबवाले म्हणतात बाईट चुकली आणि दवाखाना म्हणतो दात चुकीचे लावले. नीट तपासलं तर दोष पुष्कळदा तिसरीकडेच सापडतो. बाईट ब्लॉकचा बेस तोंडात डुलत होता आणि ते कोणी पाहिलंच नव्हतं.

हा लेख जिल्ह्यातल्या लॅबमध्ये काम शिकणाऱ्या आणि रोज हे काम करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी आहे. आपलं काम लॅबमध्ये पाठवणाऱ्या दंतवैद्यांनीही तो वाचायला हरकत नाही.

बाईट ब्लॉक म्हणजे मोजमापाचं साधन. दोन्ही जबड्यांमधली उंची, खालच्या जबड्याची वरच्याशी जागा, ओठांना लागणारा आधार, चेहऱ्याची मध्यरेषा आणि दात चावण्याची पातळी, या पाच गोष्टी त्यावर नोंदवल्या जातात. ब्लॉकचे भाग दोन : हिरडीवर बसणारा बेस आणि त्यावरची मेणाची रिम. लॅबमध्ये कौतुक होतं ते रिमचं, कारण ती दिसते. पण रिम उंच असली तर डॉक्टर दोन मिनिटांत कापतात आणि कमी पडली तर मेण चढवतात. बेस चुकला तर दवाखान्यात त्यावर इलाज नाही. म्हणून या कामाला जितका वेळ देणार असाल त्यातला मोठा वाटा बेसला द्या.

मॉडेल हाती आलं की

तोंडातून आलेलं माप आधी गार वाहत्या पाण्याखाली धुवा आणि जंतुनाशक मारा. अल्जिनेटचं माप बुडवून ठेवू नका, ते पाणी पिऊन फुगतं. त्यावर जंतुनाशक फवारून ते दहा मिनिटं बंद पिशवीत ठेवा, पुन्हा धुवा आणि लगेच भरा.

इथे पाण्याकडे लक्ष हवं. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागातला बराच पट्टा पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या बोअरच्या पाण्यातले क्षार स्टोन आणि प्लास्टर लवकर घट्ट करतात. मिश्रण नीट घोटून होण्याआधीच ते आवळायला लागतं, बुडबुडे राहतात आणि मॉडेलचा पृष्ठभाग भुसभुशीत निघतो. कठीण पाण्याने अल्जिनेटही घाईने सेट होतं. डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी वापरा. मूठ-चिमटीचा अंदाज सोडून काटा आणि मोजपात्र ठेवा : १०० ग्रॅम स्टोनला २८ ते ३० मिलि पाणी. नेहमीच्या प्लास्टरला ४५ ते ५० मिलि लागतं, पण बेस बनवायचं मॉडेल साध्या प्लास्टरमध्ये ओतू नका. घासाघाशीत ते झिजतं.

ट्रिम करताना कडेला दोन-तीन मिमीची पट्टी राखा. मापाची गोलाई त्या पट्टीच्या आत पूर्ण उतरलेली हवी. खालच्या मॉडेलमध्ये शेवटच्या दाढेमागचा मऊ उंचवटा, म्हणजे रेट्रोमोलर पॅड, दोन्ही बाजूंना दिसलाच पाहिजे. तो नसेल तर पुढे मागच्या उंचीचा आधारच उरत नाही, तेव्हा डॉक्टरांना तिथेच फोन करा.

आता पेन्सिल घ्या. वरच्या मॉडेलवर टाळूची मध्यरेषा काढा आणि पुढच्या दातांमागच्या छोट्या उंचवट्याचा, म्हणजे इन्सायझिव्ह पॅपिलाचा, मध्य खुणेने दाखवा. दोन्ही मॉडेलवर हिरडीच्या माथ्याची रेषा ओढा. खाली रेट्रोमोलर पॅडच्या दोन-तृतीयांश उंचीवर खूण करा. या सगळ्या रेषा मॉडेलच्या कडेच्या पट्टीवर आणि मागच्या भिंतीवर वाढवून घ्या. बेस घातल्यावर आतल्या खुणा झाकल्या जातात, बाहेरच्या दिसत राहतात.

बेस : इथेच वेळ द्या

बेससाठी तीन पर्याय प्रचलित आहेत. शेलॅकची प्लेट स्वस्त आणि झटपट होते, पण उष्णतेने वाकते आणि नाजूक असते. लाइट क्युअरच्या प्लेटला वेगळं यंत्र लागतं, खर्चही जास्त येतो. मधला मार्ग म्हणजे कोल्ड क्युअर अॅक्रिलिक, आणि आपल्याकडच्या बहुतेक कामाला तो पुरतो. पुढची पद्धत त्याचीच आहे.

१. अंडरकट भरा. वर पुढचा ओठाकडचा खड्डा आणि दाढांमागच्या गाठींच्या बाजू, खाली जिभेकडचा मागचा खोलगट भाग इथे मेण भरून उतार सरळ करा. नाहीतर बेस मॉडेलवरून निघताना मॉडेलच तुटेल. गरजेपुरतंच भरा, कारण जिथे मेण आहे तिथे बेस हिरडीला लागत नाही.

२. मॉडेल ओलं करा. साध्या पाण्यात जिप्सम थोडं विरघळतं. सेट झालेल्या स्टोनचे तुकडे टाकून ठेवलेलं पाणी त्यासाठी वापरा आणि मॉडेल काही मिनिटंच बुडवा. पाणी निथळलं की कोल्ड मोल्ड सीलचे दोन पातळ हात द्या. पहिला वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका.

३. मिश्रण. आकारमानाने तीन भाग पावडर आणि एक भाग लिक्विड. भांडं झाकून ठेवा. मिश्रण बोटाला चिकटायचं थांबून कणकेसारखं झालं की पॉलिथिनच्या दोन तुकड्यांमध्ये २ मिमी जाडीची पोळी लाटा.

४. बसवणं. वर टाळूच्या मध्यापासून कडेकडे दाबत जा, म्हणजे हवा अडकत नाही. खाली नालाच्या आकाराची पट्टी आधी माथ्यावर आणि मग दोन्ही बाजूंना दाबा. मऊ आहे तोवर जास्तीचं ओल्या सुरीने कापा.

५. जाडी. टाळूवर सुमारे २ मिमी. माथ्यावर आणि ओठाकडच्या उतारावर त्याहून पातळ, सुमारे १ मिमी. पुढे तिथेच दात बसायचे असतात. तिथे बेस जाड राहिला तर दात घासून बसवावे लागतात. कडा मात्र मापाइतक्या भरीव आणि गोल ठेवा. कागदासारखी धार ठेवलीत तर ती रुग्णाला टोचते, आणि टोचलं की तो जबडा सरकवतो.

६. थांबणं. अॅक्रिलिक तापतं, थंड होतं आणि आकसतं. ते कोमट असतानाच उचलून काढलं तर आकार बदलतो. आकसण्याचा परिणाम वरच्या बेसमध्ये टाळूच्या मागच्या टोकाला जास्त दिसतो. तिथे बेस आणि मॉडेल यांच्यामध्ये फट पडते. फार घाई नसेल तर बेस रात्रभर मॉडेलवरच राहू द्या आणि मेण दुसऱ्या दिवशी चढवा.

७. घासणं. कमी वेगाने, थांबत थांबत घासा, कारण बर तापला की बेसही वाकतो. आतल्या बाजूवरून कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे टोक आहे असं समजा आणि ते काढा.

मेण हाती घेण्याआधी ही चाचणी चुकवू नका. बेस मॉडेलवर ठेवा. एका बाजूच्या लहान दाढेच्या जागी बोट दाबा आणि दुसरी बाजू पाहा, मग उलट करा. बेस डुलला, टक् असा आवाज आला किंवा मागची कड उचलली गेली, तर तो पुन्हा बनवा. मॉडेलवर डुलणारा बेस तोंडात स्थिर होत नाही. तिथे हिरडी मऊ असल्यामुळे डुलणं उलट लपून जातं आणि बाईट चुकीची नोंदली जाते.

कोल्ड क्युअरचं लिक्विड पेट घेतं आणि त्याचा वास डोक्यात जातो. ते काम स्पिरिट लॅम्पपासून दूर, खिडकीजवळ करा. बाटली गडद रंगाची ठेवा आणि घट्ट बंद करा.

मेणाची रिम

मॉडेलिंग वॅक्स मऊ, मध्यम आणि कडक अशा तीन प्रकारांत मिळतं. कडक प्रकार उष्ण हवेसाठीच असतो, उन्हाळ्यात तोच मागवा. दातांच्या कामातल्या सगळ्या पदार्थांमध्ये उष्णतेने सर्वांत जास्त प्रसरण पावतं ते मेण, हे कायम ध्यानात असू द्या.

वॅक्सची शीट ज्योतीवरून फिरवत आतपर्यंत सारखी मऊ करा. वरवर वितळवून आत कडक ठेवू नका. गुंडाळताना प्रत्येक घडी आधीच्या घडीला चिकटली पाहिजे. घड्यांमध्ये हवा राहिली तर डॉक्टर कापायला लागताच रिमचे पापुद्रे सुटतात. अर्धवट मऊ मेण जोर लावून वाकवलं तर तो ताण आतच राहतो आणि पुढे ऊब लागली की रिम आपोआप सरळ होऊ पाहते.

बेसचा माथा कोरडा आणि थोडा खडबडीत करून रिम बसवा आणि तापलेल्या वॅक्स नाइफने आतून-बाहेरून वितळवून जोडा. तोंडात ओलावा असतो, तिथे नुसतं दाबून लावलेलं मेण सुटतं. वरचा पृष्ठभाग रुंद, तापलेल्या पट्टीने सपाट करा. चकाकीसाठी ज्योत फिरवताना हात आवरा, नाहीतर कडा गोल होतात आणि मोजायला धारच राहत नाही.

सुरुवातीची मापं अशी ठेवा :

• वरची रिम, पुढे : ओठाकडच्या खोल कडेपासून रिमच्या धारेपर्यंत २२ मिमी.
• वरची रिम, मागे : १८ मिमी.
• खालची रिम, पुढे : १८ मिमी.
• खालची रिम, मागे : रेट्रोमोलर पॅडच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत.
• रुंदी : पुढे ५ ते ६ मिमी, मागे दाढांच्या जागी ८ ते १० मिमी.
• वरच्या रिमचा ओठाकडचा पृष्ठभाग : इन्सायझिव्ह पॅपिलाच्या मध्यापासून ८ ते १० मिमी पुढे, किंचित बाहेर झुकलेला.
• मागचा शेवट : वर दाढांमागच्या गाठीच्या आधीच उतरता कापलेला. खाली रेट्रोमोलर पॅडच्या अलीकडे थांबलेला.

हे आकडे आरंभाचे आहेत, शेवटचे नाहीत. दात काढून वीस वर्षं झालेल्या माणसाचं हाड झिजलेलं असतं. वरचं हाड वर आणि आत जातं, खालचं जबड्याच्या रुंद पायाकडे उतरतं. अशा मॉडेलवर पुढची रिम नेमकी माथ्यावर बसवली तर ओठ आत ओढला जातो आणि चेहरा आणखी म्हातारा दिसतो. म्हणून पुढे माथ्याऐवजी पॅपिला पाहा, आणि मागे खालच्या माथ्याची रेषा पाहा. शंका असेल तर रिम अर्धा मिमी जास्तच ठेवा. दवाखान्यात मेण काढणं सोपं जातं.

जिभेची जागाही जपा. खालची रिम आत झुकली तर जीभ ती उचलते आणि डॉक्टरांना वाटतं बेस सैल आहे.

पार्शलसाठी

काही दात शिल्लक असताना बाईट ब्लॉक दर वेळी लागतोच असं नाही. वरखालचे पुरेसे दात एकमेकांत नीट बसत असतील तर मॉडेल हातानेच जुळतात, किंवा सिलिकॉनची बाईट पुरते. ब्लॉक लागतो तो मुख्यतः दोन्ही बाजूंच्या किंवा एका बाजूच्या मागच्या दाढा नसतील तेव्हा. केनेडीच्या १९२५ च्या वर्गीकरणात हे पहिले दोन वर्ग. पुढचे बरेच दात नसतील किंवा वरखालचे दात एकमेकांना भेटतच नसतील तेव्हाही तो लागतो.

रिम फक्त मोकळ्या जागेत बांधा. उंची शेजारच्या दातांपेक्षा थोडी कमी ठेवा. रिम उंच राहिली तर रुग्ण आधी मेणावर चावतो, खरे दात भेटत नाहीत आणि पूर्ण बाईट उघडी नोंदली जाते. कमी असलेली जागा डॉक्टर मऊ मेणाने किंवा पेस्टने भरून घेतील. बेसचा कुठलाही तुकडा दातांच्या चावण्याच्या भागावर येऊ देऊ नका. कोबाल्ट-क्रोमची फ्रेम तयार झाली असेल तर वेगळा बेस करू नका. फ्रेम तोंडात नीट बसते हे डॉक्टरांनी पाहिल्यावर रिम तिच्यावरच चढवा.

गुटखा, खर्रा, सुपारी यांनी तोंड आखडलेले रुग्णही येतात. कामाच्या पर्चीवर तोंड किती उघडतं ते लिहून मागा. अशा वेळी कडा थोड्या आखूड आणि रिम अरुंद ठेवावी लागते, पण किती ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

घाटाखालचा उन्हाळा

बुलढाणा शहर सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. राजूर घाट उतरून मलकापूरला किंवा बोथा घाटाने खामगावला गेलं की मे महिन्यात हवा बदलल्याचं अंगाला कळतं. मेणालाही कळतं. घाटावर दुपारी बनवलेली रिम तशीच खाली पाठवली तर पोचेपर्यंत तिची धार उतरलेली असू शकते.

उन्हाळ्यात अॅक्रिलिकही घाईने आवळतं. लिक्विड आणि मिश्रणाचं भांडं आधी गार करून घ्या आणि बेसचं काम सकाळी उरका. हिवाळ्यात घाटावर उलट होतं, मिश्रणाला वेळ लागतो. तेव्हा धीर धरा. लिक्विड मात्र कुठल्याच ऋतूत वाढवू नका, त्याने आकसणं वाढतं.

पाठवताना ब्लॉक मॉडेलवरच बसवून ठेवा. वरचा आणि खालचा वेगळा गुंडाळा, एकमेकांवर दाबून बांधू नका. थर्मोकोलच्या डब्यात कापसाचा थर द्या आणि बाजूला गार पॅक ठेवा. पॅक मेणाला थेट लागू देऊ नका. पार्सल एसटीने जात असेल तर सकाळची गाडी धरा. इंजिनाजवळ किंवा काचेखाली उन्हात ठेवू नका असं सांगा. दवाखान्यालाही कळवा की डबा पोचताच तो सावलीत उघडावा आणि तोंडात घालण्याआधी ब्लॉक गार पाण्यात बुडवावा.

बाईट होऊन परत आल्यावर

दवाखान्यात डॉक्टर आधी ओठांचा भराव पाहतात. मग वरची रिम पुढून डोळ्यांच्या बाहुल्यांना जोडणाऱ्या रेषेला समांतर आणि बाजूने नाकपुडीपासून कानापर्यंतच्या रेषेला समांतर करतात. खालची उंची अशी ठरवतात की जबडा विश्रांतीत असताना दोन्ही रिममध्ये २ ते ४ मिमी अंतर राहावं. शेवटी जबडा योग्य जागी आणून दोन्ही रिम जोडतात. मध्यरेषा, सुळ्यांच्या रेषा आणि हसताना ओठ जिथवर जातो ती रेषा मेणावर कोरलेली असते.

हे सगळं हाती आलं की तुमच्या कामाचा दुसरा भाग सुरू होतो. गार पाण्याने धुऊन जंतुनाशक फवारा. गरम पाणी नको आणि कोरलेल्या रेषा पुसू नका. जोडलेल्या रिम सोडवण्याच्या फंदात पडू नका. त्या तशाच मॉडेलवर बसवा आणि मागून पाहा. वरच्या आणि खालच्या मॉडेलच्या टाचा एकमेकींना लागतात का? वरच्या बेसचं मागचं टोक खालच्या बेसवर टेकतं का? यातलं एक जरी झालं असेल तर मेणाची बाईट बरोबर असूनही आर्टिक्युलेटरवर उंची वाढते आणि ट्रायलला फक्त मागचे दात लागतात. मॉडेलच्या टाचा लागत असतील तर त्या ट्रिम करा. बेसची टोकं लागत असतील तर डॉक्टरांना कळवा, कारण तोंडातही तसंच झालेलं असणार.

मग मॉडेलच्या तळाला खाचा पाडा, ओलं करा, बेस स्टिकी वॅक्सने पक्का करा आणि आधी वरचं, मग खालचं मॉडेल आर्टिक्युलेटरला लावा. प्लास्टर एकाच वेळी जाड ओतू नका. ते सेट होताना फुगतं आणि मॉडेल उचलतं.

पाठवण्याआधी तपासा

• बेस दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला, डुलत नाही.
• आतली बाजू कापसाने तपासली, टोक नाही.
• कडा गोल आहेत, ओठ-गालांच्या दोऱ्यांसाठी जागा सोडली आहे.
• माथ्यावर बेस पातळ आहे.
• रिमची उंची आणि रुंदी पट्टीने मोजली, नजरेने नाही.
• मागचे उतार दोन्ही ब्लॉकमध्ये आहेत, टाचा एकमेकींना लागत नाहीत.
• मेणात घड्या किंवा पोकळी नाही, बेसशी जोड पक्का आहे.
• पर्चीवर रुग्णाचं नाव, वय आणि पुढच्या भेटीची तारीख आहे.

यातली शेवटची ओळ हिशेबातली वाटली तरी कामाचीच आहे. पुढच्या भेटीची तारीख समोर असेल तर बेस रात्रभर मॉडेलवर ठेवायला वेळ काढता येतो. तारीख न विचारता काम घेतलं की संध्याकाळी घाई होते, आणि घाईत पहिला बळी जातो तो या थांबण्याचाच. म्हणून काम घेतानाच तारीख विचारा, बेससाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवा आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. आजोबांची सहावी खेप वाचते, तुमच्या हातचं काम पुन्हा करावं लागत नाही आणि त्यासाठी खर्च फक्त एका रात्रीचा.